क्षमा केली, पण बिलांचं काय?

समजा, एका ट्रस्टच्या दवाखान्यात तुम्ही हिशेब विभागात आहात. महिनाअखेरीस गाडीभाड्याची बिलं तपासताना वेगवेगळ्या तारखांच्या, वेगवेगळ्या गावांच्या दोन बिलांवर एकच पावती क्रमांक दिसतो. मागच्या महिन्यांच्या फाइली काढल्या तर तसंच आणखी सापडतं आणि बेरीज २४,००० रुपयांवर जाते. बिलांवर ज्याची सही आहे तो तुमच्याच मंडळीतला, म्हणजे तुमच्याच चर्चचा सभासद. रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करणारा, ज्याची मुलं तुमच्या मुलांबरोबर संडे स्कूलला जातात, जो रोज सकाळी दारात “जय ख्रिस्त” म्हणून भेटतो.

अशा वेळी मनात पहिल्यांदा येतं ते “आपलाच माणूस आहे”, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. कुणी ती बिलं गुपचूप फाइलमध्ये परत लावतं आणि त्याला क्षमा म्हणतं. कुणी उलट टोकाला जातं: ख्रिस्ती असून असं केलं, म्हणून इतर कुणाला लावली नसती इतकी कठोर फूटपट्टी त्याला लावतं. कृपेनं वागायचं असेल तर अपराधाचा हिशेब पुरा व्हायला हवा आणि तो होत असताना माणूस आपला राहायला हवा, असं आम्ही मानतो. ही दोन निरनिराळी कामं आहेत. ती एकाच दिवशी होत नाहीत, आणि दोन्ही करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असतो असंही नाही.

आधी अधिकाराचं बघू, कारण गोंधळ तिथे सर्वांत जास्त असतो. ते २४,००० रुपये तुमचे नाहीत. ते रुग्णांनी केसपेपरला भरलेले आहेत, देणगीदारांनी पाठवलेले आहेत. तुमच्याशी तो खोटं बोलला असेल, तुमच्या विश्वासाला तडा गेला असेल, तर तेवढं माफ करणं तुमच्या हातात आहे. ट्रस्टचं देणं माफ करणं तुमच्या हातात नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो: राजानं ज्याचं देणं सोडलं, त्या चाकरानं आपल्या सोबत्याचं सोडलं नाही. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे चाकराचं राजाकडचं देणं १०,००० तालांत, सहा कोटी दिवसांची मजुरी. आणि सोबतीचं त्याच्याकडचं देणं १०० दिनार, शंभर दिवसांची. आकड्यांतला हा फरक प्रवचनात नेहमी सांगितला जातो. पण राजानं माफ केलं ते राजाचं स्वतःचं येणं होतं, आणि चाकरानं माफ करायला हवं होतं तेही त्याचं स्वतःचं. दुसऱ्याच्या तिजोरीतली रक्कम कुणीही माफ केलेली नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: नुकसान कुणाचं झालं? सहकाऱ्यानं तुमच्या कामाचं श्रेय घेतलं, तुमच्याविषयी साहेबांकडे वाकडं बोलला, उसने पैसे परत देत नाही, तर नुकसान तुमचं आहे. तिथे दोघांनीच बसून मिटवता येतं, आणि सोडून द्यायचं ठरवलंत तरी कुणाचं काही बुडत नाही. संस्थेचे पैसे, औषधांचा साठा, खोटी हजेरी यांत मात्र तुम्ही फक्त पाहणारे आहात. एखाद्या स्त्रीचा छळ, मुलाशी गैरवर्तन, रुग्णाच्या जिवाशी खेळ ही तिसरी जात. तिथे एकांतातली भेट हे पहिलं पाऊल नाहीच. त्याबद्दल पुढे.

भाऊ चुकला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग, हा मत्तय १८ मधला क्रम सर्वांना पाठ असतो, आणि मोडला जातो तो पहिल्याच पायरीवर. बिलं दिसल्यावर माणूस आधी बायकोला सांगतो, मग पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना), मग घरोघरच्या प्रार्थनासभेत “आमच्या ऑफिसातल्या एका भावासाठी प्रार्थना करा, तो मोठ्या मोहात सापडलाय” असं म्हणतो. नाव घेतलं नाही तरी कोण ते सभेतल्या सर्वांना कळतं. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला मात्र सर्वांत शेवटी समजतं, आणि तेव्हा त्याला आपल्या चुकीपेक्षा आपल्या बदनामीचाच राग येतो. प्रार्थना विनंतीच्या नावाखाली झालेली ही चहाडी आपल्या मंडळ्यांमध्ये फार सरसकट चालते. ती मूळ अपराधाइतकीच मोठी इजा करते असं आम्हाला वाटतं.

भेटीआधी कागद नीट करावेत. स्वतः काय पाहिलं आणि दुसऱ्याकडून काय ऐकलं हे वेगवेगळं लिहावं. व्हाउचर क्रमांक, तारीख, रक्कम आणि बिलातली नेमकी विसंगती यांची एका पानाची यादी पुरते. मूळ कागद ऑफिसच्या फाइलमध्येच राहू द्यावेत. ते घरी नेले किंवा मोबाइलवर फोटो काढून दोघातिघांना पाठवले, तर उद्या चौकशीत तुमच्यावरच प्रश्न येतात. त्याचा ईमेल किंवा ड्रॉवर उघडून पाहायचा नाही. तुमच्या कामाच्या ओघात जे समोर आलं तेवढंच तुमचं.

भेट दोनतीन दिवसांत घ्यावी. फार लांबवलं तर मनात खटला चालून निकालही लागून जातो. चर्चच्या आवारात उपासनेनंतर नको, कारण तिथे त्याची बायकामुलं दहा पावलांवर असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. ऑफिसातली रिकामी मीटिंग रूम किंवा बाहेरचा शांत बाक चालतो. समोरची व्यक्ती स्त्री असेल आणि तुम्ही पुरुष, किंवा उलट, तर दार उघडं ठेवावं. आणि भेटीची सुरुवात प्रार्थनेनं करू नये. हे ऐकायला विचित्र वाटेल. पण दोघं डोळे मिटून उठले की समोरच्याला “नाही, तुम्ही चुकीचं समजताय” म्हणणं अवघड होतं, आणि तो निर्दोष असला तरी दबतो. प्रार्थना आपण आदल्या रात्री एकट्यानं करावी. वचनं काढूनही बोलू नये.

पहिलं वाक्य जे दिसलं त्याचं असावं: “१२ तारखेच्या आणि १९ तारखेच्या या दोन बिलांवर एकच पावती क्रमांक आहे. हे कसं झालं ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.” मग गप्प राहायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं. शांतता सहन न होऊन आपणच त्याच्या वतीनं सबबी पुरवतो, “घाईत झालं असेल, नाही का?” आणि त्यालाही तोच धागा सापडतो. कदाचित खरंच पावतीपुस्तकाचा घोळ असेल, गाडीवाल्यानं एकच पान दोनदा फाडून दिलं असेल. ते त्यानं सांगायचं, तुम्ही तपासायचं, आणि चूक आपली असेल तर तिथेच माफी मागायची.

दुसरी अडचण रडण्याची. आपल्या लोकांना क्षमा मागण्याची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण कधीकधी माणूस पहिल्या मिनिटालाच हात धरतो, “मला माफ करा, मुलीच्या फीसाठी केलं” म्हणून रडतो, तुमचेही डोळे भरून येतात, आणि बिलांचा विषय तिथेच संपतो. महिन्याभरानं तेच पुन्हा होतं. अशा वेळी दोन वाक्यं वेगवेगळी बोलता यायला हवीत. “माझ्याकडून तुम्हाला माफ आहे, मी हे मनात धरणार नाही.” आणि थोडं थांबून, “आता हे प्रशासकांना तुम्ही स्वतः सांगायला हवं. शुक्रवारपर्यंत सांगा. हवं तर मी सोबत येतो. सोमवारी ही यादी मला त्यांच्यापुढे ठेवावी लागणार आहे.” मुदत द्यावी, गुप्ततेचं वचन देऊ नये. “पैसे परत भर, मग मी बोलणार नाही” हा सौदा तर कधीच करू नये. तो दयेनं केला तरी त्यात तुम्ही भागीदार होता, आणि पुढे तो माणूस तुमच्या मुठीत राहतो. रक्कम फार मोठी असेल, आणखी लोक गुंतले असतील किंवा कागद गायब होण्याची भीती असेल, तर ही मुदतही न देता सरळ प्रशासकांकडे जावं.

भरपाईबद्दल पवित्र शास्त्र आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी आहे. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ज्यानं शेजाऱ्याला फसवलं त्यानं मूळ रक्कम पुरी परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि दोषार्पणाच्या, म्हणजे दोषाबद्दल अर्पण वाहण्याच्या, दिवशीच ज्याची त्याला द्यावी, असा नियम आहे. २४,००० वर पाचवा हिस्सा ४,८००, एकूण २८,८००. दरमहा ३,६०० प्रमाणे आठ हप्ते. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानं तर चौपट देऊ केलं. वरचा हिस्सा ही त्याच्या सदसद्विवेकाची बाब आहे, संस्थेनं तो मागायचा नाही. मूळ रक्कम मात्र बँकेमार्फत संस्थेच्या खात्यातच जावी आणि तिची पावती घ्यावी. पगारातून कापायची असेल तर त्याला आधी म्हणणं मांडू द्यावं, लेखी संमती घ्यावी, आणि त्या महिन्याची एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. काही जण मन हलकं करायला तेवढी रक्कम दानपेटीत टाकतात. ज्याचे घेतले त्याला ते मिळत नाहीत, तर ती परतफेड होत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद १४५९ हेच सांगतो: पापमुक्ती मिळाली तरी पापानं झालेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही, चोरलेलं परत करावं लागतं.

कामाच्या ठिकाणचा अपराध आणि विश्वासातलं नातं यांची गाठ नव्या करारात सर्वांत जवळून दिसते ती फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात. अवघी २५ वचनं. अनेसिम हा फिलेमोनाचा दास. तो घरातून गेला, तुरुंगातल्या प्रेषित पौलाला, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्याला, भेटला आणि विश्वासात आला. त्यानं चोरी केली असं पत्रात कुठेही थेट म्हटलेलं नाही. “त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड,” असं पौल म्हणतो, आणि पुढचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहितो: मी ते फेडीन. ही शब्दशः हमीची चिठ्ठी आहे. पौल नुकसान नाकारत नाही, किरकोळ ठरवत नाही, “आता तो भाऊ झाला, विसरून जा” असंही म्हणत नाही. हिशेब तसाच ठेवतो, फक्त कुणाच्या नावावर ते बदलतो.

दुसरं, पत्र फिलेमोनाला असलं तरी मायन्यात अप्फिया आहे, अर्खिप्प आहे आणि त्याच्या घरी जमणारी मंडळीही आहे. म्हणजे हे प्रकरण मालक आणि दास यांच्यात कोंडून ठेवलेलं नव्हतं. तुझ्या संमतीशिवाय मला काही करायचं नव्हतं, असं पौल चौदाव्या वचनात म्हणतो. अनेसिमाला स्वतःजवळ ठेवून घेणं त्याला सोपं होतं. आणि बाविसाव्या वचनात तो सहज सांगितल्यासारखं सांगतो, माझ्यासाठी बिऱ्हाडाची खोली तयार ठेव. मला ही ओळ पत्रातली सर्वांत शहाणी वाटते. पौल येणार आहे, आणि अनेसिमाला त्या घरात कसं वागवलं जातंय ते स्वतः पाहणार आहे. आपल्याकडे समेट होतो, हातात हात दिले जातात, आणि नंतर महिनोन्‌महिने कुणी विचारायलाही जात नाही. एक गोष्ट इथे दडपून चालणार नाही: अनेसिम दास होता, आणि माणसाला मालकीचा ठेवणं हा त्या घरातला मोठा अन्याय होता. पण पौलानं दबाव टाकला तो सत्ता ज्याच्या हातात होती त्याच्यावर. कृपेची जास्त मागणी बलवानाकडून करायची, दुबळ्याकडून नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

विश्वास परत मिळवणं हा वेगळा भाग आहे. क्षमा आज करता येते, रोकडीच्या चाव्या आज देता येत नाहीत. सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्याहून मध्येच परतलेल्या मार्क या सहकाऱ्याला पुन्हा सोबत घ्यायला पौलानं साफ नकार दिला, त्यावरून सोबती बर्णबाशी त्याचा तीव्र वाद झाला आणि दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुढे आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना तोच पौल म्हणतो, मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात मार्काला काम देणारा कुणीतरी होता, हे महत्त्वाचं. दवाखान्यात याचा अर्थ असा की त्याला कामावर ठेवायचं ठरलं तर खरेदी आणि पैसे देणं एका हातात ठेवू नये, बिलावर दोन सह्या घ्याव्यात, सहा महिने रोकड हाताळायला देऊ नये, आणि हे बंधन केव्हा उठेल ते त्याला आधीच लिहून द्यावं. ही काळजी त्याच्यासाठीही आहे. पुन्हा कधी काही हरवलं तर पहिला संशय त्याच्यावर येणार, आणि दोन सह्या असतील तर तो त्यातून सुटेल. एवढं झाल्यावर चहाला बोलवावं, त्याच्या घरच्यांची विचारपूस करावी, आणि जुनी गोष्ट भांडणात काढू नये. तक्रार अजून चालू असतानाही रविवारी मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) शांतीचं चिन्ह देताना तो शेजारी आला, तर हात द्यावा.

आता ती तिसरी जात. लैंगिक छळाच्या तक्रारीत “आधी एकांतात जाऊन भावाला समजाव” असं पीडित स्त्रीला सांगणं हा मत्तय १८ चा दुरुपयोग आहे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. समेट हवा असेल तर तो फक्त त्या स्त्रीनं मागितला तर, आणि तोही पैशाच्या बदल्यात नाही. पाळकांनी दोघांना समोरासमोर बसवून प्रार्थना करवणं हा त्या समितीला पर्याय होत नाही. मूल गुंतलेलं असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) नुसती शंका आली तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं “भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो” हे वचन इथे काढून दाखवणाऱ्यांनी त्याच अध्यायात पौल कशाबद्दल बोलतोय ते वाचावं: तो देण्याघेण्याच्या, क्षुल्लक वादांबद्दल बोलतोय. जिथे कुणाच्या अंगाला हात लागलाय तिथे ते वचन लागू होत नाही.

अपराधी जेव्हा वरिष्ठ किंवा संस्थाचालक असतो तेव्हा प्रकरण वेगळं होतं. “ही नोकरी नाही, सेवा आहे” हे वाक्य आपल्या शाळा-दवाखान्यांत पगार थकवायला सर्रास वापरलं जातं. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. पीएफ कापला जात असेल तर आपल्या यूएएनचं (पीएफच्या कायमच्या क्रमांकाचं) पासबुक दर महिन्याला पाहावं. मालकानं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रक्कम भरायची असते, आणि पगारातून कापून न भरणं हा कायद्यानं विश्वासघाताचा गुन्हा आहे. अशा ठिकाणी एकट्यानं केबिनमध्ये जाऊ नये. दोघंतिघं मिळून, थकलेल्या महिन्यांची यादी घेऊन, नम्र पण लेखी पत्र द्यावं आणि पोच घ्यावी. आणि साहेबानं सर्वांसमोर एखाद्या शिपायाला अपमानित केलं असेल, तर माफी केबिनमध्ये मागून भागत नाही. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला, तेव्हा पौलानं त्याला सर्वांच्या देखत सुनावलं, कारण इजा सर्वांच्या देखत झाली होती.

या सगळ्यावर एक भीती पसरलेली असते: बाहेरच्यांना कळलं तर समाजाची साक्ष, म्हणजे आपल्या वागण्यातून दिसणारा विश्वास, बिघडेल. आपण अल्पसंख्य आहोत, एकाची चूक सर्वांच्या नावावर जाते, हे खरं आहे. म्हणून ही भीती हसण्यावारी नेऊ नये. पण शेजारच्या टेबलावरच्या हिंदू किंवा मुस्लिम सहकाऱ्याला ती बिलं बहुधा आधीच माहीत असतात. तो पाहत असतो ते वेगळंच: ख्रिस्ती तपासनीस ख्रिस्ती माणसाची बिलं कशी पास करतो. तेच गेल्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं तेव्हा त्याला मेमो मिळाला होता का? मग इथेही मेमोच. वेगळी वागणूक दोन्ही दिशांनी टाळली, तरच साक्ष शिल्लक राहते.

आणि तो कबूलच झाला नाही तर? मग तक्रार पुढे जाते, चौकशी होते, तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगता. आलेक्सांद्र तांबटानं आपलं फार वाईट केलं असं पौल लिहितो, त्याची परतफेड प्रभूवर सोडतो, आणि लगेच तीमथ्याला बजावतो, तूही त्याच्यापासून सावध राहा. सूड सोडला, पण इशारा दिला. याची खरी कसोटी लागते नंतर, तो माणूस राजीनामा देऊन दुसऱ्या गावच्या संस्थेत अर्ज करतो आणि तिथून शिफारस विचारायला फोन येतो तेव्हा. आपल्या संस्थांत वर्षानुवर्षं चालत आलेला मार्ग म्हणजे गोड शब्दांत निरोप आणि कोरं प्रमाणपत्र. त्याची किंमत पुढच्या ठिकाणची माणसं मोजतात. फोनवर कागदावर सिद्ध झालेलं तेवढंच सांगावं: अमुक काळात इतक्या रकमेची खोटी बिलं आढळली, पैकी इतकी परत आली, चौकशीचा निकाल अमुक लागला. त्याच्या घरच्या अडचणी, मंडळीतली कुजबुज, आपले अंदाज यांतलं काही सांगू नये. त्यानं परतफेड पुरी केली असेल तर तेही त्याच फोनवर स्पष्टपणे सांगावं.